काळ्या गाडीवर उन्हात रेघांचं जाळं दिसतंय, स्वर्ल मार्क्स काढायचे कसे आणि परत येऊ नयेत म्हणून काय करायचं?

काळी_गाडी_परभणी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. गाडी काळी मेटॅलिक, २०२३ चं मॉडेल, रोजचं जाणं-येणं जिंतूर रोडनं. सावलीत उभी असली की एकदम चकाचक दिसती, पण दुपारच्या उन्हात बोनेटवर सूर्य जिथं चमकतो बरोबर त्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यावाणी गोल गोल बारीक रेघा दिसायलेत. रात्री पेट्रोल पंपावर लाईटखाली लावली की तेच, दारावर पण आणि डिकीवर पण. नख फिरवून बघितलं तर नखाला काही लागत नाही.

निगा म्हणाल तर रोज सकाळी निघायच्या आधी फडकं मारलं जातं, आठ-पंधरा दिवसाला वॉशिंग सेंटरला जाती, तिथं फोम मारतात आणि स्पंजनं घासतात. घरी बोअरचं पाणी, त्याचे पांढरे ठिपके काचेवर आणि छतावर बसलेत. वॉशिंगवाला म्हणायलाय रबिंग मारून घ्या, दीड हजारात नवी करून देतो. दुसरा एक जण म्हणला सिरॅमिक कोटिंग करा, मग रेघच उमटत नाही. दोघांच्याही बोलण्यावर भरवसा बसंना.

मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, नवरी ह्याच गाडीत बसणार असा बहिणीला शब्द दिलाय, त्यामुळं तोवर गाडी नीट करायचीच आहे. घरी करता येतं का, का कुणाकडं द्यावी? आणि आमच्याकडं मार्चनंतर टँकर सुरू होतो, मग ते दोन बादल्या अन् प्रेशर पाईपवालं युट्यूबवरचं धुणं आम्हाला कसं जमायचं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.

लातूर_डिटेलिंग

राम राम दादा. डिटेलिंगचंच काम करतो म्हणून जरा लांबट लिहितो, वाचून घ्या.

तुम्ही म्हणता ते स्वर्ल मार्क्सच आहेत. त्या रेघा मुळात गोल नसतात, उभ्या, आडव्या, तिरक्या सगळ्या दिशेनं असतात, पण उजेड पडला की त्याला आडव्या जाणाऱ्या तेवढ्याच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल वाटतं. जागा बदलून बघा, तो गोल पण तुमच्याबरोबर सरकतो. रंगाच्या वर क्लिअर कोट म्हणून एक पारदर्शक थर असतो, रेघा त्या थराच्या अगदी वरवर असतात, खालच्या काळ्या रंगाला काही झालेलं नसतं. पांढऱ्या गाडीवर पण एवढ्याच असतात, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. नखाला लागत नाही ही चांगली गोष्ट, नख अडकायला लागलं असतं तर ती रेघ पॉलिशनं पूर्ण गेली नसती.

आता आल्या कुठून तर वॉशिंग सेंटरचा स्पंज आहेच, पण माझ्या मते त्याच्याहून जास्त त्या रोजच्या फडक्यानं आल्यात. आपल्याकडची धूळ नुसती माती नाही. काळ्या रानातली माती तशी मऊ असती, पण रस्त्यांची कामं, मुरूम, खडी क्रशरची भुकटी हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, ती भुकटी काळ्या पाषाणाची, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. रात्रभर ती गाडीवर बसती, थंडीत पहाटेच्या दवानं चिकटती, आणि सकाळी कोरडं फडकं दाबून गोल गोल फिरवलं जातं, घडी न बदलता बोनेट, दार, डिकी सगळं एकाच बाजूनं, आणि मग तेच फडकं दाराच्या खिशात. खरं-खोटं करायचं असलं तर ते फडकं पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात बुडवून पिळा अन् पाच मिनिटं थांबा, खाली जो गाळ बसंल तो बोटांनी चोळून बघा, बोटाला कचकच लागती का नाही. तीच कचकच रोज रंगावरून फिरती.

म्हणून पहिलं काम, आजपासून कोरडं फडकं बंद. तो झुपक्यांचा डस्टर मिळतो तो पण बंद. आणि धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्यानं कव्हर हालत राहतं आणि रात्रभर घासत राहतं. गाडी एक दिवस धुळकट दिसली तर दिसू द्या, धुळीनं रंग खराब होत नाही, धूळ पुसल्यानं होतो.

दीड हजाराच्या रबिंगला माझ्याकडून स्पष्ट नाही. बऱ्याच ठिकाणी काय होतं, गाडी वरवर धुतात, रोटरी मशीनला लोकरीचा पॅड लावतात, जाडं कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट घेऊन अर्ध्या-पाऊण तासात अख्खी गाडी फिरवून घेतात आणि वरून तेलकट पॉलिश मारतात. हातात येते तेव्हा गाडी लई भारी दिसती कारण रेघा तेलानं भरलेल्या असतात, दोन-तीन धुण्यात तेल निघून गेलं की जुन्या रेघा वर येतात आणि त्यात रोटरीनं पाडलेले होलोग्राम, म्हणजे मशीन फिरल्याचे उन्हात दिसणारे पट्टे, वेगळे. काम खरं झालंय का हे बघायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून एक पॅनल पुसायचं, तेल निघून जातं, आणि मग टॉर्च मारायचा. चांगला कारागीर ते तुमच्यासमोर स्वतःहून करून दाखवतो, जो टाळतो त्याच्याकडं गाडी देऊ नका.

वाळूज_पेंटशॉप

वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे, माझं काम रंगाच्या लाईनवर आहे म्हणून थोडं आकड्यात सांगतो, मग लक्षात येईल की आम्ही रबिंगला एवढं का घाबरतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा एक केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो, म्हणजे जो थर तुम्ही घासायला देताय तो केसाहून पातळ आहे. स्वर्ल काढणं म्हणजे रेघ भरणं नाही, रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवून पातळी एक करणं. नीट केलेल्या कामात एका वेळी २ ते ५ मायक्रॉन जातात, आणि तो थर परत येत नाही. ऊन अडवणारा भाग क्लिअर कोटमध्येच असतो, तो फार पातळ झाला की आपल्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात आधी छत आणि बोनेट पांढुरकं पडायला लागतं, मग पापुद्रे सुटतात, आणि तिथून पुढं पॉलिशचा काही उपयोग नाही, परत पेंटच करावं लागतं. दरवर्षी दिवाळीला रबिंग मारणाऱ्या जुन्या गाड्यांची छतं बघा म्हणजे कळंल.

म्हणून काम देताना थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं मशीन, आहे का हे विचारा. पत्र्याच्या पॅनलवर ते सरळ मायक्रॉनमध्ये दाखवतं, प्लास्टिकच्या बंपरवर ते साधं मशीन चालत नाही. एखाद्या दारावर आकडा एकदम २५०-३०० दिसला तर ते दार कधीतरी रिपेंट झालेलं आहे, तिथं वेगळ्या हातानं काम करावं लागतं. कडा आणि बॉडीलाईनवर रंग सगळ्यात पातळ, तिथं मशीन टेकवायचं नाही, मास्किंग टेप लावायची.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असतो, शंभर टक्के रेघा काढायचा हट्ट धरू नका. रोजच्या वापराच्या गाडीवर सत्तर-ऐंशी टक्के गेल्या की उन्हात जाळं दिसत नाही, राहिलेल्या दोन-चार खोल रेघांसाठी आख्ख्या पॅनलचा क्लिअर कोट उडवायचा नाही. गाडी दहा वर्षं ठेवायची असंल तर हा विचार महत्त्वाचा आहे.

सिरॅमिकचं पण सांगतो. ९एच म्हणून जे सांगतात ती पेन्सिलची कठीणता आहे, म्हणजे ९एच पेन्सिलनं ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ, दगड-हिऱ्याच्या कठीणतेशी त्याचा काही संबंध नाही. कोटिंगचा थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन. त्यानं पाणी घसरतं, चिखल सहज सुटतो, धुताना कमी घासावं लागतं आणि कमी घासल्यानं रेघा कमी पडतात, हा फायदा खरा आहे. पण त्यावर कोरडं फडकं मारलं तर रेघा उमटणारच. आणि आधी करेक्शन म्हणजे रेघा काढायचं काम न करता कोटिंग मारलं तर आहेत त्या रेघा खाली तशाच बंद होतात. रेघ खरोखर अडवायची तर पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची जाड फिल्म असती आणि चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या गरमीनं आपोआप मिटतात, पण खर्च कोटिंगच्या कितीतरी पट. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

माजलगाव_टुरिस्ट

पाण्याचं मी सांगतो कारण आमच्या टुरिस्टच्या गाड्या आहेत, त्यात दोन काळ्या, आणि गाड्या रोज स्वच्छ लागतात. पाण्याची काय परिस्थिती असती ते मी वेगळं सांगायला नको, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हापासून आमच्याकडं पाईप लावून गाडी धुणं बंद म्हणजे बंद.

रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं, ऑनलाईन सहज मिळतं. बऱ्याच लिक्विडचं प्रमाण १:२५६ असतं म्हणजे ८ लिटर पाण्याला ३० मिलीच्या आसपास, पण बाटलीवरचं बघूनच टाका. हे लावल्यावर परत पाणी ओतून धुवायची गरज नसती. बादलीत आठ-दहा मायक्रोफायबर टॉवेल एकदमच भिजत घालायचे. तेच पाणी स्प्रे बाटलीत भरून आधी एक पॅनल पूर्ण ओलं करायचं आणि दोन-तीन मिनिटं सोडायचं, धूळ फुगती अन् सैल होती. मग एक टॉवेल हलका पिळून चार घड्या करायच्या, न दाबता एका सरळ रेषेत एकदाच ओढायचा, घडी पलटायची, परत एकदाच ओढायचा. आठही बाजू संपल्या की तो टॉवेल बाजूला, त्या धुण्यापुरता तो परत बादलीत घालायचा नाही, नाहीतर सगळी कचकच बादलीत. वरून खाली यायचं, छत आधी, दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी कारण खरी खडी तिथं असती. चाकांचा कपडा वेगळाच ठेवायचा, त्याचा रंग पण वेगळा ठेवा म्हणजे घरातल्या पोरांची गल्लत होत नाही. शेवटी कोरड्या जाड टॉवेलनं ठिपून घ्यायचं. पाऊण बादलीत आख्खी गाडी होती आणि कमी वेळात होती.

पण चिखल असला, पावसाळ्यात शेतातनं आली, ऊसाच्या ट्रॉलीमागं येऊन काळा चिखल उडाला तर हे करू नका, तेव्हा आधी पाण्याच्या मारानं चिखल उतरवलाच पाहिजे. तेवढ्यापुरतं वॉशिंग सेंटरला जायचं आणि त्याला म्हणायचं नुसता प्रेशर मार, फोम मार, परत प्रेशर मार, हात लावू नको. पैसे पूर्ण घे पण तुझा स्पंज नको. आमचा सेंटरवाला आधी ऐकंना, आता गाडी दिसली की पोराला लांबूनच सांगतो ह्या गाडीला फडकं लावू नको.

तूर-हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसात गाडी खळ्यापासून लांब लावा, तो भुसा काचेच्या रबरात आणि बोनेटच्या फटीत घुसतो आणि पुढं आठ दिवस निघत राहतो.

काळी_गाडी_परभणी

लई लई आभार सगळ्यांचे. ताटात फडकं पिळून बघितलं, तळाला खरंच रेती बसली. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, आता फडकं कुणी हातात घेत नाही.

अजून विचारायचंय. डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिश मशीन घेऊन मी स्वतः केलं तर बिघडायची भीती किती? आणि ते बोअरचे पांढरे ठिपके, ते पण पॉलिशनं जातात का वेगळं काही लागतं?

लातूर_डिटेलिंग

डीए मशीन नवशिक्याच्या हातात पण बऱ्यापैकी सुरक्षित आहे. रोटरी एकाच जागी गरगर फिरती आणि रंग तापवती, डीए फिरता फिरता डोलती पण, म्हणून उष्णता कमी आणि दाबलं की फिरायचं थांबती. तुम्ही डीएच घ्या, रोटरीला हात लावू नका.

आधी ठिपके. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी वाळतं अन् क्षार राहतात. पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून टॉवेल भिजवायचा, ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं ठेवायचा आणि लगेच साध्या पाण्यानं काढून घ्यायचा, सावलीत, पॅनल थंड असताना, वाळू द्यायचा नाही. ह्यानं वरवरचे जातात. ज्यांनी क्लिअर कोट खाऊन खड्डा पाडलाय त्यांना पॉलिशच लागतं, आणि ते पण सगळे जातीलच असं नाही. पुढं शेवटचं पाणी तरी फिल्टरचं वापरा, आरओचं जे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं ते अजिबात नको, त्यात क्षार बोअरपेक्षा जास्त.

मग क्ले, म्हणजे रंगावर चिकटून बसलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा. गाडी धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून अलगद फिरवा, उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, खरखर लागली तर क्ले बार फिरवावा लागतो. भरपूर लुब्रिकंट मारून, हलक्या हातानं, घाण झाला की मळून नवी बाजू काढायची, आणि क्ले खाली मातीत पडला तर तो टाकून द्यायचा, धुऊन परत वापरायचा विचार सुद्धा करायचा नाही.

मशीनचं काम पहाटे किंवा शेडमध्ये. आपल्या उन्हात कंपाउंड पॅनलवरच वाळतं आणि घासताना नवीन रेघा पाडतं. बोनेटवर टेप लावून दीड फुटाचा एक चौकोन करा आणि तिथंच आधी सगळं करून बघा. सुरुवात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशनं, जाडं कंपाउंड पहिल्यांदाच नको. पॅडवर तीन-चार थेंब, मशीन चालू करायच्या आधी पॅड रंगावर टेकवून पसरून घ्यायचं, मग चार-पाचच्या स्पीडवर, मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब, हात एकदम सावकाश, आधी आडवं मग उभं असे चार-सहा फेरे. पुसा, अल्कोहोल मारा, टॉर्च मारा. रेघा गेल्या तर आख्खी गाडी तशीच करा, नाही गेल्या तरच कटिंग पॅड आणि कंपाउंड, आणि त्याच्यानंतर परत मऊ पॅडनं फिनिशिंग. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशनं साफ करा, निघालेला क्लिअर कोट त्यातच अडकलेला असतो. सगळ्यात शेवटी रंगावर संरक्षणाचा थर म्हणून वॅक्स किंवा सीलंट. वाळूजच्या दादांनी सांगितलेलं कडांचं लक्षात ठेवा, नवीन माणसाचा हात तिथंच जातो.

एवढं वाचून मन धजत नसंल तर कारागिराकडं द्या, पण आधी तोच दीड फुटाचा चौकोन त्याच्याकडून करून घ्या आणि बघूनच बाकीचं सांगा.

नांदेडची_गाडीवाली_ताई

दादा, करेक्शन कुठूनही करून घ्या पण टॉवेलची निगा शिकून घ्या, ते कुणी सांगत नाही. मायक्रोफायबर कधीच सुती कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका, सुताचे धागे त्यात अडकतात. पावडर नको, लिक्विड वापरा, पावडरचे न विरघळलेले कण टॉवेलमध्ये राहतात. कंडिशनर तर अजिबात नको, टॉवेल मऊ लागतो पण पाणी ओढत नाही. गच्चीवर वाळत घालू नका, आपल्याकडं गच्चीवर दोन तासात धुळीचा थर बसतो, मी बाथरूममध्ये दोरी बांधलीय. वाळले की झाकणाच्या डब्यात. आणि टॉवेलच्या कडेला शिवलेलं लेबल आधी कापून काढा, ते रंगावर घासतं. एखादा टॉवेल जमिनीवर पडला की तो चाकांच्या ढिगात गेला, परत रंगाला नाही.

दुसरं म्हणजे लग्न. तुम्ही एवढी मेहनत घ्याल आणि डेकोरेशनवाला येऊन खाकी टेप, चिकटपट्टी आणि तारेचे हुक लावून जाईल. त्याला आधीच सांगून ठेवा, बोनेटवर तार नको, हार बांधायचा तर ग्रिलला आणि दाराच्या हँडलला रिबिनीनं, आणि चिकटवायचंच असंल तर मास्किंग टेप. बोनेटवर फुलांची जाळी टाकतात ती गाडी चालू झाल्यावर थरथरत राहते आणि खाली धूळ असली तर घासते, म्हणून सजवायच्या आधी गाडी धुतलेली पाहिजे, आणि विदाईनंतर त्याच रात्री सगळं उतरवा. झेंडूच्या पाकळ्या उन्हात रंगावर चिकटून राहिल्या तर डाग सोडतात. कुंकू-हळद लावलं असेल तर कोरडं पुसू नका, आधी ओलं करून उचलून घ्या. आमच्याकडं दसऱ्याला मी गाडीवर स्वस्तिक काढू देते पण काचेवर, रंगावर नाही, आईला पण आता सवय झालीय.

काळी_गाडी_परभणी

ताई, हे डेकोरेशनचं डोक्यातच आलं नव्हतं, भाच्याला आत्ताच फोन करून सांगतो. मशीन माझा एक मित्र वापरायला द्यायलाय, पॉलिश आणि मऊ पॅड मागवतो. काम लग्नाच्या किती आधी करू?

लातूर_डिटेलिंग

मार्चच्या शेवटी करून टाका, एप्रिल लागला की शेडमध्ये पण पॅनल तापतं आणि सकाळचे दोन-अडीच तासच काम होतं. तुम्हाला एकट्याला दोन रविवार धरा, एका दिवशी बोनेट, छत आणि डिकी, दुसऱ्या दिवशी दारं. सीलंट मारल्यावर बाटलीवर लिहिलेले तास पाणी लागू देऊ नका. चौकोन झाला की उन्हातला फोटो टाका इथं, कंपाउंड लागंल का नाही ते बघून सांगतो.